काहीच करावंसं वाटत नाही तेव्हा: समुपदेशनाची वाट, पायरी पायरीने

"मनावर घेतलं की सगळं होतं." त्या वर्षभरात हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. सांगणाऱ्यांचं चुकत नव्हतं. पण माझं ते 'मनावर घेणं'च बंद पडलं होतं आणि त्याचं काय करायचं, हे कोणी सांगत नव्हतं.

अंघोळीला दुपार व्हायची. उत्तर न दिलेले ईमेल तीनशेच्या वर गेले होते. प्रबंधाची फाइल उघडायची आणि पाच मिनिटांत बंद करायची, एवढाच दिवसाचा पराक्रम. बाहेरून बघणाऱ्याला मी निवांत दिसायचे. समुपदेशकाचा नंबर आठ महिने मोबाइलमध्ये पडून होता. फोन करायला उमेद हवी, आणि उमेद नाही म्हणून तर फोन करायचा. घोडं तिथंच पेंड खात होतं.

तुम्हीही तिथेच अडकला असाल असं धरून लिहिते आहे, म्हणून पायऱ्या मुद्दाम लहान ठेवल्या आहेत. सगळं वाचण्याचं त्राण नसेल तर थेट चौथ्या पायरीवर जा, तिथला मेसेज जसाच्या तसा उचलून पाठवा. बाकीचं नंतर.

१. आळस म्हणून निकालात काढण्याआधी एवढं बघा

स्वतःला एकच प्रश्न विचारा: नकोसं नेमकं काय झालंय? एकच काम नको वाटतंय की सगळंच?

एकाच कामाचा कंटाळा असेल आणि बाकी दिवस बरा जात असेल, तर बहुतेक वेळा त्या कामात काहीतरी टोचत असतं. चूक होण्याची भीती असते, कोणावरचा राग असतो, किंवा ते काम मुळात आपलं नसतंच. फ्युशिया सिरॉइस आणि टिम पिचिल या अभ्यासकांनी २०१३ मध्ये चालढकलीबद्दल एक पटणारी गोष्ट मांडली. आपण काम टाळतो ते वेळेचं गणित जमत नाही म्हणून कमी, आणि ते काम समोर आलं की जे वाईट वाटतं ते टाळायला जास्त. वेळापत्रकांच्या वह्या घेऊन घेऊन थकलेल्यांना यातली खूण पटेल.

पण पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही बेचव झाल्या असतील, म्हणजे गाणी, मित्र, एखादा खेळ, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टर यासाठी 'पीएचक्यू-९' नावाची प्रश्नावली वापरतात. ती २००१ पासून वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पहिलाच प्रश्न गोष्टींमधला रस कमी होण्याबद्दल आहे. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर तज्ज्ञाला भेटावं, असा साधारण संकेत आहे. ही फक्त चाळणी आहे. तिच्यावरून स्वतःचं निदान करू नका.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर 'कधीही नाही' याखेरीज काहीही असेल तर पुढच्या पायऱ्यांची वाट बघत बसू नका. आजच डॉक्टरला किंवा जवळच्या माणसाला सांगा. विचार तीव्र असतील तर थेट तातडीची सेवा किंवा हेल्पलाइन गाठा, आणि तोवर एकटे राहू नका.

२. शरीराची बाजू आधी मोकळी करा

ही पायरी मला वगळायची होती, आणि तिनेच मला थोडं वाचवलं. थायरॉइडचं काम मंदावणं, रक्तात हिमोग्लोबिन किंवा लोह कमी असणं, बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडखळणं: या सगळ्यांत माणूस असाच 'आळशी' दिसतो. काही औषधांनीही मरगळ येते. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे एकदा जा, आणि "थकवा आहे" एवढंच न म्हणता "काही सुरूच करवत नाही" असं स्पष्ट सांगा.

लहानपणापासून सुरुवात करणं आणि काम तडीस नेणं अवघड जात असेल, तर एडीएचडीची (लक्ष टिकवणं अवघड जाणाऱ्या विकाराची) शक्यताही विचारून घ्या. तिथे मदतीची दिशा वेगळी असते.

माझं हिमोग्लोबिन कमी निघालं. गोळ्यांनी जिना चढताना दम लागणं थांबलं. ईमेल मात्र होते तिथेच होते.

३. कोणाकडे जायचं ते ठरवा

नावांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. थोडक्यात सांगते. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषधं लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात. समुपदेशक बोलण्यातून, ठरावीक पद्धतींनी अडचणीवर काम करतात. उमेद हरवण्याच्या तक्रारीसाठी समुपदेशकापासून सुरुवात करायला हरकत नाही. गरज वाटली तर चांगला समुपदेशक स्वतःहून पुढे पाठवतो.

फोनवरच विचारायचे प्रश्न: शिक्षण काय, नोंदणी आहे का, अशा तक्रारी पूर्वी हाताळल्या आहेत का, कोणत्या पद्धतीने काम करता, फी किती, ऑनलाइन भेटता का. हे विचारताना संकोच वाटतो, पण नीट माणूस याचा राग मानत नाही. राग मानला तर तेही उत्तरच समजा.

इथला सापळा म्हणजे प्रेरणादायी भाषणं देणारे आणि 'एकवीस दिवसांत आयुष्य बदला' म्हणणारे. भाषणाने दोन तास हुरूप येतो, हे खरं आहे. मी स्वतः तीन शिबिरं केली. तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या आधीपेक्षा जास्त अपराधी वाटायचं, कारण आता 'सगळं कळूनही' मी काही करत नव्हते. जो निकालाची हमी देतो त्याच्याकडे जाऊ नका.

४. पहिला मेसेज पाठवा

फोन जमत नसेल तर फोन करू नका. हे टाइप करा:

"नमस्कार. गेले काही महिने मला कुठलंच काम सुरू करायला जमत नाहीये. त्यासाठी समुपदेशन हवं आहे. तुमची पहिली मोकळी वेळ कोणती? फी किती असते? फोनवर बोलणं सध्या अवघड जातं, मेसेजवर कळवलंत तर बरं होईल."

पाठवा आणि फोन बाजूला ठेवा. मेसेज सुधारत बसू नका. मी तो चार वेळा लिहून खोडला होता. शेवटी माझ्या बहिणीने माझ्या हातातून फोन घेऊन पाठवला. कोणी असं करून देणारं असेल तर खुशाल करून घ्या. पहिलं पाऊल आपलं आपणच टाकायला हवं हा हट्ट इथे कामाचा नाही.

मिळेल ती वेळ घ्या. 'पुढच्या महिन्यात जरा मोकळी झाले की' असं उत्तर बोटांवर येईल. ते पाठवू नका.

५. सोबत काय न्यायचं

- ओळखपत्र, आणि तपासण्या केल्या असतील तर त्यांचे अहवाल
- चालू औषधांची यादी, मात्रेसकट
- पूर्वी मानसिक तक्रारीसाठी उपचार झाले असतील तर त्यांचे कागद
- एक छोटी वही. मोबाइलमधली नोंद चालते, पण मोबाइल हातात आला की आपण कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे
- एका आठवड्याच्या झोपेच्या वेळा, अंदाजे
- एका ओळीत: हे केव्हापासून आहे आणि त्याच्या आसपास काय घडलं होतं

यातलं काहीच जमलं नाही तर रिकाम्या हाताने जा. तयारी झाली नाही म्हणून भेट पुढे ढकलणं हा याच आजाराचा कावा आहे.

६. पहिलं सेशन: अपेक्षा घरी ठेवून जा

सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं. सुरुवातीला एखादा अर्ज भरून घेतात, गोपनीयतेबद्दल सांगतात. तुमचं बोलणं बाहेर जात नाही. जिवाला धोका असेल किंवा कायद्याने सांगणं भाग असेल, असे अपवाद असतात. ते काय आहेत हे त्यांनी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

मी गेले ती मनात दोन चित्रं घेऊन. एक तर या बाई मला चांगल्या झापतील, नाहीतर सकाळी पाचपासूनचं वेळापत्रक हातात देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी विचारलं, "० ते १० मध्ये सांगा, प्रबंध पूर्ण करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?" मी म्हणाले, चार. आता त्या म्हणणार, "एवढंच?" म्हणून मी सावरून बसले. त्यांनी विचारलं, "चार कसं काय? एक का नाही?"

आणि मी चक्क प्रबंधाची बाजू मांडायला लागले. हा विषय मला का आवडला होता, सुरुवातीचे महिने कसे गेले होते. वर्षभर सगळे माझ्याशी भांडत होते आणि मी माझ्या न करण्याची वकिली करत होते. इथे पारडं उलटं झालं.

हा प्रश्न त्यांचा स्वतःचा नव्हता, हे मला नंतर कळलं. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दारूच्या समस्येवर काम करताना १९८३ मध्ये ही संवादपद्धती मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. मुद्दा असा की बदलाबाबत माणूस बहुतेक वेळा दोलायमान असतो. हवंही असतं, नकोही असतं. समोरच्याने 'हवं'ची बाजू उचलून धरली की तो आपोआप 'नको'ची उचलतो. म्हणून समुपदेशक ढकलत नाही. तो तुमच्याच तोंडून तुमची कारणं बाहेर येऊ देतो.

घरी येताना मला वाटलं होतं, आज काही विशेष झालंच नाही. तुम्हालाही तसंच वाटेल. दुसऱ्या सेशनची वेळ तिथून निघण्याआधीच ठरवून घ्या.

७. मधली सेशनं: खरं काम इथे होतं

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात क्रम असा असतो: आधी उत्साह वाटेल, मग काम करीन. समुपदेशनात मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा क्रम उलटा करायला मिळालं. ऐकायला हे 'मनावर घे' सारखंच वाटतं, पण फरक आहे, आणि तो पद्धतीत आहे.

पीटर लुइनसन यांनी १९७० च्या दशकात नैराश्याचं चक्र असं मांडलं: माणूस कमी गोष्टी करतो, त्यामुळे समाधानाचे क्षण कमी मिळतात, त्यामुळे मन आणखी खचतं, त्यामुळे तो आणखी कमी करतो. चक्र तोडायचं तर मनापेक्षा कृतीच्या टोकाकडून तोडणं सोपं. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या एका प्रचलित उपचारपद्धतीचे भाग सुटे करून तपासले. विचार बदलण्याचा भाग वगळून फक्त कृती वाढवण्याचा भाग दिला, तरी लोकांना संपूर्ण उपचाराइतकाच फायदा झाला.

प्रत्यक्षात काय करतात? आधी नुसती नोंद. आठवडाभर, दर तासाला काय केलं ते एका शब्दात लिहायचं आणि पुढे दोन आकडे: किती बरं वाटलं, आणि काहीतरी केल्यासारखं किती वाटलं. दोन्ही ० ते १०. माझी खात्री होती की माझे सगळे आकडे शून्य येतील. वही वेगळं सांगत होती. झाडांना पाणी घातलं त्यापुढे पाच होता. बहिणीशी फोन, सहा. आणि ज्याला मी 'आराम' म्हणायचे ते तीन तास मोबाइल चाळणं, त्यापुढे एक आणि शून्य. ही वही नसती तर मी मोबाइलच्या बाजूने कोर्टात साक्ष दिली असती.

मग त्यावरून पुढच्या आठवड्यासाठी अगदी बारीक कामं ठरतात. 'प्रबंध लिहिणे' हे काम नाही, तो डोंगर आहे. 'फाइल उघडून शेवटचा परिच्छेद वाचणे' हे काम. त्याला जागा आणि वेळ बांधायची: "चहाचा कप टेबलावर ठेवला, की मी फाइल उघडेन." पीटर गॉलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये अशा 'अमुक झालं की तमुक करीन' योजनांची ताकद मांडली. त्या क्षणी ठरवावं लागत नाही, म्हणून ते जमतं. ठरवायची शक्ती नसलेल्या माणसाला याची किंमत कळते.

एकदा मी माझ्या समुपदेशक बाईंना म्हणाले, "मला असहाय असण्याची सवयच लागली आहे." त्यावर त्यांनी एक हकिकत सांगितली. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले होते. काहीही केलं तरी विजेचा झटका चुकत नाही असा अनुभव आलेली बरीच कुत्री, पुढे सुटका शक्य असतानाही बसून राहिली. यावरून 'शिकलेली असहायता' हा शब्द रूढ झाला. पण २०१६ मध्ये त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या अभ्यासाच्या आधारे आपलंच म्हणणं उलटं केलं. दीर्घ त्रासात बसून राहणं ही मूळचीच प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. मला हे ऐकून फार हलकं वाटलं. मी काही वाईट शिकले नव्हते, काहीतरी शिकायचं राहून गेलं होतं किंवा विसरलं होतं. फाइल उघडणं हा त्याचाच सराव होता.

आणखी एक गोष्ट निघते, तिची तयारी ठेवा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार आतून येणाऱ्या उमेदीला तीन गोष्टींचं खतपाणी लागतं: हे मी माझ्या मर्जीने करतोय ही भावना, हे मला जमतं ही भावना, आणि आपल्या माणसांशी जोडलेपण. यातलं काय कोरडं पडलंय, हे शोधताना कधीकधी कळतं की ते ध्येयच आपलं नव्हतं. माझ्यासोबत सुरुवात केलेल्या एका ओळखीच्या मुलाने शेवटी परीक्षा देणंच सोडलं. घरचे म्हणाले, समुपदेशन फसलं. मला तसं वाटत नाही.

८. गृहपाठ झाला नाही? तरीही जा

बहुतेक माणसं गळतात ती इथे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठरलेलं काही होत नाही, वही कोरी राहते, आणि 'आता कोणत्या तोंडाने जाऊ' म्हणून सेशन रद्द होतं. मग पुढचंही.

मी पाचवं सेशन पोटदुखीचं कारण सांगून टाळलं होतं. पोट ठणठणीत होतं. सहाव्याला गेले आणि ते कबूल केलं. तो तास त्या पोटदुखीवरच गेला: सकाळी नेमकं काय वाटलं, कोणता विचार आला, त्यानंतर हात कुठे गेला. माझ्या प्रबंधाचं जे होत होतं तेच समुपदेशनाचं होत होतं, फक्त आता ते बघायला दुसरं माणूस समोर होतं. कोरी वही ही त्यांच्यासाठी भरलेल्या वहीइतकीच कामाची असते. शाळेचा धाक मनातून काढा. आणि काम फार मोठं ठरलं होतं असं वाटलं तर तसं सांगा, ते निम्मं करून मिळतं.

९. पटत नसेल तर

एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातलं नातं तीन गोष्टींवर उभं असतं असं मांडलं: कुठे जायचं याबद्दल एकमत, त्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत, आणि एकमेकांवरचा विश्वास. चार-पाच सेशननंतर या तिन्हींवर स्वतःशी विचार करा. पहिल्या दोनांत अडचण असेल तर आधी समोर बोला, बऱ्याचदा सुटते. समुपदेशक सतत उपदेश करत असेल, स्वतःच्याच आयुष्याच्या गोष्टी सांगत असेल, तुम्हाला खाली बघायला लावत असेल, तर बदला. कारण द्यायला तुम्ही बांधील नाही.

मात्र 'अजून उत्साह वाटत नाही' हे एवढ्यात बदलायचं कारण धरू नका. प्रगती मोजायची ती केलेल्या कृतींवरून. मन मागून येतं, आणि बरंच मागून येतं. माझे आकडे सुधारायला लागले ते नवव्या आठवड्यात. त्याआधीच्या दोन महिन्यांत मी फाइल एकतीस वेळा उघडली होती आणि एकदाही 'छान' वाटलं नव्हतं.

दोन-तीन महिने मनापासून करूनही तसूभर फरक नसेल, किंवा झोप आणि भूक बिघडतच चालली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्या. औषधं आणि समुपदेशन सोबत चालू शकतं. औषधं स्वतःच्या मनाने मध्येच बंद करू नका.

१०. थांबताना

सेशनं एकदम तोडत नाहीत. आठवड्याची पंधरवड्यावर, मग महिन्यावर नेतात. शेवटच्या भेटींत एक कागद तयार करून घ्या: घसरण सुरू झाल्याच्या माझ्या खुणा कोणत्या, आणि त्या दिसल्या की पहिल्या दिवशी काय करायचं.

माझ्या कागदावर तीन खुणा आहेत. दुपारी अंघोळ, बहिणीचा फोन न उचलणं, आणि नव्या वेळापत्रकाची वही विकत घ्यावीशी वाटणं. समोर लिहिलंय: झाडांना पाणी, मग बहिणीला फोन, मग जुनाच मेसेज पुन्हा पाठवणे. तो मेसेज मी मोबाइलमध्ये अजून जपून ठेवला आहे. गेल्या वर्षी एकदा लागला.